घर बांधणाऱ्याची पात्रता कोण पाहणार?

पुण्यात रिक्षा चालवावयाची तर चालकाला परवाना लागतो, बिल्ला लागतो. चहाची टपरी टाकावयाची तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी लागते. घरात विजेची जोडणी करणाऱ्या ठेकेदाराजवळ शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना असावा लागतो आणि प्रत्यक्ष तारा ओढणाऱ्याजवळ तारतंत्रीचा. परंतु हे सर्व ज्या वास्तूत काम करणार, ती वास्तू पायापासून छपरापर्यंत उभी करणाऱ्या ठेकेदाराला या शहरात कोणताही परवाना लागत नाही. कालपर्यंत जमिनीची दलाली करणारा गृहस्थ आज 'बांधकाम ठेकेदार' अशी पाटी लावून एखाद्या कुटुंबाच्या तीस वर्षांच्या बचतीचा ताबा घेऊ शकतो. त्याने पूर्वी काय बांधले, त्यातले किती उभे आहे, त्याच्याजवळ जाणता मिस्त्री आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नाही.

या उणिवेची किंमत आकड्यांत मोजता येते. २९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील स्लॅब कोसळला आणि नऊ मजूर मृत्युमुखी पडले. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, भर पावसात कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि झोपेतच पंधरा जण गेले. त्यात लहान मुलेही होती. तीनच दिवसांनी आंबेगावात तशाच एका भिंतीने आणखी सहा बळी घेतले. पुण्याबाहेर पाहावे तर ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ कोसळलेल्या इमारतीखाली ७४ जणांचा अंत झाला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी खाली आली आणि १६ जण गेले. २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरारमध्ये २०१२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या अनधिकृत इमारतीने १७ जणांना गाडले. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी आहेत आणि त्या सर्वांचे खापर ठेकेदाराच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. पण दुर्घटनेनंतर गुन्हा दाखल होतो, समिती नेमली जाते, मृतांच्या नातेवाइकांना धनादेश दिले जातात, आणि या माणसाला बांधकाम करण्यास पात्र कोणी ठरविले होते, हा प्रश्न मात्र चौकशीच्या कागदांत येऊच शकत नाही. कारण तसे ठरविण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नाही.

मग नियम काहीच नाहीत का? नियम भरपूर आहेत. मुंबई वगळून राज्यातील बहुतेक नागरी क्षेत्रांना डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तीत वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता, पर्यवेक्षक अशा तांत्रिक व्यक्तींची शैक्षणिक पात्रता, अनुभव आणि कर्तव्ये नेमून दिलेली आहेत. नकाशावर कोणी सही करावी, जोत्याची तपासणी कोणी मागावी, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी द्यावा, हे सर्व त्यात आहे. म्हणजे कागदावर सही करणाऱ्याची पात्रता आपण तपासतो. सळई बांधणाऱ्याची, काँक्रीट ओतणाऱ्याची आणि त्या दोघांकडून काम करवून घेणाऱ्याची तपासत नाही. सही करणाऱ्यांच्या बाबतीतही कायद्याचे कवच वाटते तेवढे जाड नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षण दिले आहे ते 'आर्किटेक्ट' या उपाधीला. त्या व्यवसायातले काम इतरांना करता येणारच नाही असा त्याचा अर्थ होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला.

स्थावर संपदा कायद्याचा आधार अनेकांना वाटतो आणि सदनिका विकत घेणाऱ्यांना तो निश्चितच मिळाला आहे. १ मे २०१७ रोजी 'महारेरा'चे काम सुरू झाले, तेव्हापासून प्रकल्पाची नोंदणी आवश्यक झाली आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेत वा कामाच्या दर्जात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन प्रवर्तकावर आले. पण हा कायदा विकण्यासाठी बांधणाऱ्याला बांधतो. नोंदणीच्या वेळी ठेकेदाराचे नाव व पत्ता द्यावा लागतो, त्याची पात्रता सिद्ध करावी लागत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प तर नोंदणीतूनच मुक्त आहेत. आणि जो गृहस्थ धायरीत, वाघोलीत किंवा लोहगावात स्वतःच्या दोन गुंठ्यांवर स्वतःसाठी घर बांधतो, तो या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. त्याला आणि त्याच्या ठेकेदाराला जोडणारा दुवा म्हणजे बहुधा वहीच्या कागदावर लिहिलेला दर आणि तोंडी दिलेला शब्द.

कामगारांसंबंधीच्या परवान्याचेही तसेच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांपर्यंत ठेकेदाराच्या परवान्याची कल्पना आहे, पण ती मजुरांच्या संख्येशी, वेतनाशी आणि कल्याणाशी निगडित आहे. दहा-पंधरा माणसे हाताशी धरून बंगले बांधणारा ठेकेदार त्या संख्येपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचला तरी त्याला बीम भरता येतो का, हे तो परवाना सांगत नाही. वस्तू व सेवा कराची नोंदणी तर केवळ कर भरण्याची खूण आहे.

येथे एक विसंगती वाचकांच्या ध्यानी यावी. हेच शासन जेव्हा स्वतःचे विश्रामगृह, शाळा वा कार्यालय बांधते, तेव्हा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे नोंदलेला ठेकेदारच मागते. त्या नोंदणीत वर्ग असतात, कोणत्या वर्गाने किती रकमेपर्यंतचे काम घ्यावे याची मर्यादा असते, ऐपतीचा दाखला आणि पूर्वीच्या कामांचा तपशील द्यावा लागतो. सरकारी शौचालयाची भिंत बांधणाऱ्याची पात्रता पाहिली जाते आणि नागरिकाच्या तीन मजली घराचे कॉलम उभारणाऱ्याची पाहिली जात नाही. याचे मूळ आपल्या प्रशासनाच्या जडणघडणीत आहे. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा पहिला वर्ग सुरू झाला तो सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. बांधकामाचे ज्ञान, त्याची परीक्षा आणि त्याचे प्रमाणपत्र हे सर्व सरकारी कामाभोवती रचले गेले. समाज आपली घरे आपल्या परीने बांधत होताच. त्याच्याकडे पाहण्याचे परक्या सत्तेला कारण नव्हते. स्वातंत्र्यानंतर आपण ती चौकट तशीच पुढे चालविली.

याच देशात अन्यत्र मात्र वेगळा विचार झालेला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने बांधकाम करणाऱ्या संस्थेची किमान पात्रता स्थानिक प्राधिकरणाने ठरवावी असे सुचविले आहे. ते किती ठिकाणी ठरविले गेले, यावरच प्रदेशाप्रदेशातला फरक अवलंबून आहे. हैदराबादेत २००६ च्या सुधारित इमारत नियमांनी बिल्डर व विकासकांना महापालिकेचा परवाना अनिवार्य केला आणि मंजूर नकाशाबाहेर बांधकाम करणाऱ्याचे नाव काळ्या यादीत टाकून परवाना रद्द करण्याची तरतूद केली. गुजरातने २६ जानेवारी २००१ च्या भूकंपातून धडा घेतला. भुजपासून दूर असलेल्या अहमदाबादेतही त्या दिवशी बहुमजली इमारती कोसळल्या आणि दोष केवळ भूमीचा नाही, हे सर्वांना कळले. त्या राज्याने २००६ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. पुढे विकास नियमांत वास्तुविशारद व संरचना अभियंत्यांच्या बरोबरीने कामावरील पर्यवेक्षक आणि विकासक यांनाही नोंदणीकृत, उत्तरदायी व्यक्ती मानले. महाराष्ट्रानेही ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप भोगला, हजारो माणसे गमावली. पुनर्वसनाचे मोठे काम या राज्याने केले, स्वयंसेवी संस्थांनी केले. पण घर बांधणाऱ्याची पात्रता हा विषय त्यातून राज्याच्या नियमांत उतरला नाही.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक नित्याचा आहे. कॅलिफोर्नियात घराचे बांधकाम वा मोठी दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराला राज्य मंडळाचा परवाना लागतो. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव, व्यवसायाची आणि कायद्याची परीक्षा, शिवाय पंचवीस हजार डॉलरचे हमीपत्र. १ जानेवारी २०२५ पासून एक हजार डॉलरपर्यंतची किरकोळ कामे काय ती वगळलेली आहेत. त्याच अमेरिकेत टेक्सास राज्य सर्वसाधारण बांधकाम ठेकेदाराला राज्याचा परवाना मागतच नाही. वीज आणि नळकामाला मागते. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्समध्ये पाच हजार डॉलरच्या वरच्या घरकामाला परवाना लागतो. जर्मनीत गवंडीकामाचा स्वतंत्र व्यवसाय चालवावयाचा तर सामान्यतः 'माइस्टर' म्हणजे त्या कामातील उस्ताद ही पदवी लागते. २००४ मध्ये त्या देशाने अनेक व्यवसायांची ही अट काढून टाकली. दर्जा घसरल्याची ओरड झाल्यावर २०२० मध्ये फरशी बसविणाऱ्यांसह बारा व्यवसायांना ती पुन्हा लागू केली. गवंडीकामाची अट मात्र २००४ मध्येही हटविली नव्हती.

म्हणजे परवाना हा एकच मार्ग आहे असे नाही. टेक्सासमध्येही घरे उभीच आहेत. पण जेथे परवाना नाही तेथे शहराचा निरीक्षक टप्प्याटप्प्याने येऊन काम पाहतो, विमा कंपनी प्रश्न विचारते, न्यायालय लवकर निकाल देते. आपल्याकडे परवानाही नाही आणि त्याची जागा घेणारी व्यवस्थाही नाही. जोते तपासले जाते, त्यानंतर एकदम भोगवटापत्राच्या वेळी पाहणी होते. मधल्या प्रत्येक स्लॅबच्या दिवशी तेथे ठेकेदार आणि त्याची सचोटी एवढेच असतात. ग्राहक न्यायालयाचे दार उघडे आहे. घरबांधणी ही सेवा असल्याचे १९९३ मध्येच मान्य झाले. परंतु ते दार भिंतीला भेग पडल्यानंतरचे आहे.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. 'मयमत' आणि 'मानसार' या वास्तुग्रंथांत वास्तुकर्म करणाऱ्यांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. प्रत्येकाचे काम वेगळे, प्रत्येकाला लागणारे ज्ञान वेगळे, आणि सर्वांवर स्थपतीचे उत्तरदायित्व. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण सुरू होते तेच 'कारुकरक्षण' या विषयाने. ठरलेल्या स्थळी, ठरलेल्या वेळी, ठरलेले काम न करणाऱ्या कारागिराची मजुरी कापावी व त्याला दंड करावा असे तेथे सांगितले आहे, आणि कारागिराच्या पाठीशी जबाबदार म्हणून त्याची श्रेणी उभी केली आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ. तो शिकवीत असे, दर्जा राखीत असे आणि चुकणाऱ्याला बाहेरही काढीत असे. त्या व्यवस्थेत पुढे जन्माची बंधने आली, ती आज कोणालाही नकोत. पण व्यवसायाने स्वतःच्या दर्जाची हमी समाजाला द्यावी, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. परवाना म्हटले की खिडकी आली, खिडकी आली की टेबलाखालचा हात आला. चार दशके परवाना राज्य भोगलेल्या देशाने आणखी एक परवाना का मागावा? शिवाय वडार समाजातील, मराठवाड्यातून वा कर्नाटकातून आलेला, अक्षरओळख बेताची पण ओळंबा डोळ्यांनी लावणारा मिस्त्री या परीक्षांत नापास होईल आणि इंग्रजीत अर्ज भरणारा ठग उत्तीर्ण होईल. हे होणार असेल तर असा परवाना नसलेलाच बरा.

म्हणूनच आमचे म्हणणे सरसकट परवान्याचे नाही, श्रेणीबद्ध नोंदणीचे आहे. तळमजल्याचे घर बांधणाऱ्याची एक श्रेणी, तीन-चार मजल्यांपर्यंतची दुसरी, त्यावरची तिसरी. पहिल्या श्रेणीत पदवीची अट नसावी. अनुभव मोजावा, आणि परीक्षा मराठीत, प्रत्यक्ष कामावर घ्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेतील अठरा व्यवसायांत राजमिस्त्री आहे. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के दराने कर्ज अशी तिची रचना आहे. त्या प्रमाणपत्राला ठेकेदारीच्या पहिल्या पायरीचे मोल द्यावे. मुकादमाचा ठेकेदार होण्याची वाट त्यामुळे अडणार नाही, उलट तिला मान्यता येईल.

नोंदणी संपूर्ण राज्याची एक असावी. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, २०१५ मध्ये स्थापन झालेले महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि कटक मंडळे अशी वेगवेगळी प्राधिकरणे या एका शहराभोवती आहेत. एका हद्दीत अपघात करणारा ठेकेदार रस्ता ओलांडून दुसऱ्या हद्दीत नव्या नावाने काम घेतो, हे थांबले पाहिजे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुण्याच्या हद्दीत आली, तेव्हा तेथील गुंठेवारीची घरे आधीच उभी होती. ती कोणी बांधली याची नोंद शोधून मिळणार नाही. यापुढे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रावर वास्तुविशारदाच्या नावाखाली ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक असावा, त्याची पूर्वीची कामे, तक्रारी आणि अपघात सर्वांना पाहता यावेत. ही नोंदवही सरकारी बाबूच्या हाती न देता अभियंते, ठेकेदारांच्या संघटना, ग्राहक संघटना आणि कामगार संघटना यांच्या मंडळाने सांभाळावी. १९४१ मध्ये लष्करी कामांच्या कंत्राटदारांनी पुण्यातच एकत्र येऊन उभारलेली संघटना आज बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून देशभर पसरली आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य याच शहरातून सुरू केले. नवी श्रेणी उभारण्यास लागणारी माणसे आणि अनुभव पुण्यात आहेत. लागते आहे ते शासनाचे मन.

हा विषय आज अधिक निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. शहरातील जुन्या सहकारी गृहसंस्था पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत आणि शासनाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने स्वयंपुनर्विकासाला प्रोत्साहन दिले आहे. विकासकाला वगळून सभासदांनीच आपली इमारत उभारावी, ही सहकाराला शोभणारी कल्पना आहे. पण विकासक गेला की ठेकेदार आणि संस्था समोरासमोर येतात. निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, गृहिणी यांच्या व्यवस्थापक समितीने कोट्यवधींचे काम कोणाच्या हाती द्यावे, हे ठरविण्यास तिच्याजवळ निविदेतील सर्वांत कमी आकडा याखेरीज कोणती कसोटी आहे?

कायदा होईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लेखी करार करावा. त्यात दर, साहित्याचा दर्जा, मुदत आणि दोषनिवारणाचा काळ लिहावा. देयकाचा काही भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. संरचना अभियंत्याला नकाशापुरते न ठेवता प्रत्येक स्लॅबच्या आधी सळई तपासण्यासाठी कामावर बोलवावे आणि त्याचे मानधन आनंदाने द्यावे. काँक्रीटचे ठोकळे भरून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांची चाचणी करवून घ्यावी. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस आणि सहा मीटरहून लांब तुळईचे एकवीस दिवस काढावयाचे नसतात. सेंटरिंगच्या फळ्या दुसऱ्या कामावर लवकर न्यावयाच्या म्हणून हे दिवस कमी करणारा ठेकेदार स्वस्त पडत नाही.

आणि मजुरांची वस्ती कोठे आहे, हेही मालकाने पाहावे. कोंढव्यात जे गेले ते दुसऱ्यांची घरे बांधण्यासाठी आपले घर सोडून आलेले होते. ते आपलेच बांधव. त्यांच्या खोल्या भिंतीच्या कुशीत, उताराच्या तळाशी, खोदाईच्या कडेला नसाव्यात, यासाठी कोणत्याही अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही. वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या परिसरातील बांधकामांवर एक फेरी मारावी आणि अशा जागा आढळल्यास मालकाच्या, ठेकेदाराच्या व महापालिकेच्या लेखी नजरेस आणाव्यात. दरवर्षी विश्वकर्मा जयंतीला आपण श्रमाचा गौरव करतो. त्या दिवशी एखाद्या गवंड्याचा सत्कार व्हावा, तसाच ठेकेदारांच्या नोंदणीची मागणी करणारा ठरावही प्रत्येक शाखेने, गृहसंस्थेने आणि ग्राहक मंडळाने संमत करून आपल्या आमदाराच्या हाती द्यावा.

वास्तुशांतीच्या दिवशी आपण वास्तुपुरुषाची प्रार्थना करतो की, या घरात राहणाऱ्यांना आयुष्य लाभो. ती प्रार्थना पायाच्या खड्ड्यापासूनच सुरू व्हावयास हवी. शासनाने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात ठेकेदारांच्या श्रेणीबद्ध नोंदणीचे विधेयक आणावे, आणि त्यासाठी पुढच्या भिंतीखाली कोणी सापडण्याची वाट पाहू नये.